सांदीतला जिल्हा

१० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे पुसदजवळच्या राखीव जंगलात विळा घेऊन शिरले, सरकारी गवत कापलं आणि पकडले गेले. दांडीला तीन महिने झाले होते. वऱ्हाडाला समुद्र नाही, मीठ काढणार कुठून? म्हणून कायदा मोडायला गवत. जंगल सत्याग्रहाच्या हकिकती हाती लागतील तेवढ्या मी वाचल्या. त्यांत तारखा सापडतात, माणसं सापडतात, कोणाला किती सजा झाली तेही सापडतं. गवताला मात्र सगळीकडे नुसतं ‘गवत’च म्हटलेलं. आषाढातली गोष्ट, पाऊस वेळेवर आला असेल तर वीतभर वाढलेलं पवन्या असेल, मारवेल असेल, नाहीतर कुसळी. तिखाडीही असू शकेल, जिच्यापासून रोशा तेल काढायच्या भट्ट्या वऱ्हाड-खानदेशच्या जंगलात लागत. ज्या गवतासाठी माणसं तुरुंगात गेली त्याचं नाव लिहून ठेवावं असं कोणालाच वाटलं नाही.

यात सत्याग्रहींची काही चूक नाही. त्यांचं भांडण हक्काचं होतं, गवताच्या जातींचं नव्हतं. पण एखादी वनस्पती नाहीशी होते आहे असं म्हणायचं, तर ती होती हे आधी कोणीतरी लिहिलेलं असावं लागतं. पुसद ज्यात येतं त्या यवतमाळ जिल्ह्याच्या बाबतीत हे लिहिणं इतकं उशिरा झालं की त्याची कारणं वनस्पतिशास्त्रापेक्षा तहनाम्यांत जास्त सापडतात.

इंग्रजांनी हिंदुस्थानातल्या झाडाझुडपांची मोजदाद केली ती आधी साऱ्या देशाची आणि मग इलाख्यांची. जोसेफ हुकरचे सात खंड १८७२ ते १८९७ या पंचवीस वर्षांत निघाले. देशभराचा पसारा असल्यामुळे त्यांत एकेका जिल्ह्याची दखल ती किती असणार! बारकाईचं काम प्रांतांच्या ग्रंथांत झालं. अशा ग्रंथाला ‘फ्लोरा’ म्हणतात. एखाद्या मुलखात आपोआप उगवणाऱ्या प्रत्येक जातीचं वर्णन, ठिकाण आणि ओळखीची खूण त्यात असते. मुंबई इलाख्याचा फ्लोरा थिओडोर कुक यांनी लिहिला. गृहस्थ मूळचे इंजिनिअर, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य. त्यांचं काम १९०१ ते १९०८ या काळात लंडनला छापून होत होतं. मद्रास इलाख्याचा फ्लोरा गॅम्बल यांनी १९१५ पासून काढायला घेतला. निजामाच्या मुलखातल्या जंगलांवर पार्ट्रिज यांचं पुस्तक १९११ चं.

आता यात वऱ्हाड कुठे बसवायचं? १८५३ च्या तहानं निजामानं हा मुलूख कंपनीकडे सोपवला. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. १९०२ च्या करारानं तो कायमच्या पट्ट्यानं इंग्रजांकडे गेला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. म्हणजे कुक यांचे खंड छापखान्यात असतानाच वऱ्हाडाचं दप्तर नागपूरकडे निघालं होतं. मुंबईच्या लेखी हा मुलूख आपला नव्हता. हैदराबादच्या लेखी आपला होता, पण जंगल आपल्या हाताखाली नव्हतं. मद्रास तर लांबच. आणि मध्य प्रांताला कुक लाभला नाही.

भरीला जिल्ह्याचं नावही बदललं. आधी हा वणी जिल्हा. इंग्रजी कागदांत त्याचं ‘वून’ होतं. १९०५ मध्ये तो यवतमाळ झाला. जुन्या नमुन्यांवरच्या चिठ्ठ्या वाचायच्या असतील त्यानं वून, बेरार (म्हणजे वऱ्हाड) आणि सी. पी. (म्हणजे मध्य प्रांत) ही तिन्ही नावं एकाच ठिकाणची असू शकतात हे पक्कं ध्यानात ठेवावं. मी स्वतः यात एकदा फसलो आहे. ‘वून’ हे निमाडातलं देवळांचं गाव समजून एक अख्खी दुपार घालवली.

जंगलखात्याला फ्लोरा नको होता, त्याला यादी हवी होती, आणि ती त्यानं केली. डी. ओ. विट या अधिकाऱ्यानं मध्य प्रांताच्या उत्तर आणि वऱ्हाड वनमंडळांतल्या झाडांची वर्णनात्मक यादी तयार केली. ती १९१६ ची. झाडं, झुडपं, वेली आणि उपयोगी औषधी, एवढ्यांचीच ही यादी. शेवटच्या गटातला ‘उपयोगी’ हा शब्द मला फार बोलका वाटतो. झाड असेल तर ते उपयोगाचं असो नसो, यादीत येईल. बोटभर उंचीच्या रोपाला मात्र आधी काहीतरी किंमत दाखवावी लागेल. पावसाळ्यात दोन महिने फुलून जाणारी आमरी, खडकावरची इवलीशी रोपं, डबक्याकाठची गवतं, यांना त्यात कोण विचारतो!

संवर्धनासाठी क्रमवारी लावणं ही कालपरवाची कल्पना आहे असं आपण समजतो. वऱ्हाडाच्या जंगलात क्रम लागला तो १८८६ च्या जंगल कायद्यापासूनच, फक्त निकष वेगळा होता. जंगलांची प्रतवारी झाली. लाकूड आणि जळणाची वेगळी, गवताचे रमणे वेगळे, चराईची वेगळी. झाडांतही मानकरी ठरले. सागवान पहिलं, त्यामागून शिसव, बिजा, तिवस, ऐन. सालई, मोवई आणि पळस ही खालच्या पंगतीतली. वर्ग पाडायची ही सवय इतकी मुरली की वऱ्हाडात गायरानाला लोक आजही ‘ई-क्लास’ म्हणतात. शाळेचा उंबरा न पाहिलेला गुराखीसुद्धा “ई-क्लासात ढोरं सोडली” असं सहज बोलतो, आणि आपण इंग्रज महसूल खात्याची एक वर्गवारी तोंडी घेतोय हे त्याच्या गावीही नसतं.

या क्रमवारीत जे खाली होतं ते आधी गेलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते ६५, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. नांगर फिरला तो पडीक गवताळ जमिनीवर. डोंगर-उतारावरचं जंगल राहिलं, कारण तिथं कापूस पिकत नाही. सपाटीवरचं माळरान वावर झालं आणि त्यातल्या जाती धुऱ्यापुरत्या उरल्या. हे सगळं झालं तेव्हा त्या मातीवर काय उगवत होतं याची यादी झालेली नव्हती. त्यामुळे तिथून काय गेलं ते आता संकटातल्या जाती नोंदवणाऱ्या कोणत्याच लाल पुस्तकात येणार नाही.

१९५५ हे साल या गोष्टीत एकदम तीन दारांतून आत येतं.

भारतीय वनस्पती सर्वेक्षण ही संस्था १८९० ची. स्वातंत्र्यानंतर तिची नव्यानं उभारणी झाली आणि १२ डिसेंबर १९५५ रोजी पुण्यात तिचं पश्चिम मंडळ सुरू झालं. पुढच्याच वर्षी १ नोव्हेंबरला विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. शंभर वर्षांनी यवतमाळची झाडं आणि त्यांची नोंद करणारी कचेरी एकाच राज्यात आली.

दुसरं दार भाषेचं. मरे एमेनो या भाषाशास्त्रज्ञाचं कोलामी भाषेवरचं पुस्तक १९५५ चं. वर्ध्याकडची कोलामी त्यानं तिशीच्या दशकात हिंदुस्थानात राहून टिपली होती. कोलाम हे यवतमाळच्या केळापूर, मारेगाव, झरी-जामणी या जंगलपट्ट्यातले जुने रहिवासी. त्यांची बोली द्राविडी कुळातली. जिल्ह्याचा फ्लोरा व्हायच्या आत त्यांच्या शब्दांची यादी झाली, हा क्रम उलटा वाटतो खरा. पण रानातल्या वस्तूंची नावं सांगणारी माणसं आहेत, हे आपल्याआधी एका परक्या पाहुण्याला सुचलं.

तिसरं दार पुण्यातल्या उकिरड्यांचं. त्याच साली तिथे एक अनोळखी तण उगवलेलं दिसलं आणि आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्याची नोंद केली. ते आपलं गाजरगवत. आज यवतमाळात एसटी स्टँडच्या मागे, ई-क्लासात, कपाशीच्या धुऱ्यावर, जिथे म्हणून पाहाल तिथे ते आहे. एतद्देशीय झाडांची मोजदाद सुरू झाली त्याच सुमारास त्यांची जागा बळकावणारं दारात येऊन उभं राहिलं होतं.

मग जिल्ह्याजिल्ह्याचे फ्लोरा सुरू झाले. हे काम बाहेरून फार निवांत दिसतं. एकाच टेकडीवर पावसाच्या आधी, पावसात, पाऊस सरल्यावर आणि शिमग्याच्या आसपास असं चार वेळा जावं लागतं. कारण कंद जूनमध्ये फुलतो, गवत ऑक्टोबरमध्ये, आणि पळसाला पानं नसतात तेव्हा फुलं. फांदी तोडायची, जुन्या वर्तमानपत्रात दाबायची, रोज कागद बदलायचे, नाहीतर बुरशी धरते. शेवटी जाड पुठ्ठ्यावर चिकटवून कोपऱ्यात चिठ्ठी लावायची: ठिकाण, तारीख, उंची, फुलाचा रंग, स्थानिक नाव, आणि किती ठिकाणी दिसली ते. वाळल्यावर रंग उडतो, म्हणून रंग जागीच लिहायचा. अशा चिठ्ठ्यांवर कांबळे आणि प्रधान यांचा अकोला जिल्ह्याचा ग्रंथ १९८८ मध्ये उभा राहिला; नागपूरचा उगेमुगे यांचा त्याच्याही दोन वर्षं आधी. यवतमाळचा फ्लोरा एस. कार्तिकेयन आणि आनंद कुमार यांनी लिहिला. भारतीय वनस्पती सर्वेक्षणानं तो १९९३ मध्ये काढला. कुक यांच्या शेवटच्या भागानंतर पंच्याऐंशी वर्षांनी.

तोवर जगात लाल पुस्तकांचा जमाना येऊन गेला होता. लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या रोनाल्ड मेलव्हिल यांनी १९७० मध्ये संकटातल्या फुलझाडांची सुटी पानं जमवायला सुरुवात केली. नवी माहिती आली की जुनं पान काढून नवं घालायचं. १९७८ मध्ये ल्युकस आणि सिंज यांनी जगभरातल्या २५० वनस्पतींचं बांधीव पुस्तक काढलं. आपल्याकडे सर्वेक्षणानं नायर आणि शास्त्री यांच्या संपादनाखाली १९८७ ते १९९० मध्ये भारतीय वनस्पतींच्या लाल पुस्तकाचे तीन खंड प्रसिद्ध केले. त्यांतल्या जाती सहाशेच्या वर.

महाराष्ट्राच्या वाट्याचा मान त्यात सह्याद्रीनं उचलला, आणि त्यातही शिंदळ माकुडीनं. जुन्नरजवळच्या कड्यावर डाल्झेल यांना सापडलेली ही मांसल खोडाची वनस्पती. मुंबईच्या गव्हर्नर फ्रिअरसाहेबांचं नाव तिला मिळालं, ‘फ्रेरिया इंडिका’. तिच्या वंशात ती एकटीच मानली गेली, शिवनेरीसारख्या मोजक्या कड्यांवरच उगवणारी. ऐंशीच्या दशकात आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघानं जगातल्या अत्यंत धोक्यातल्या बारा जातींत तिची गणना केली. सह्याद्रीच्या कड्यांचं वैशिष्ट्यच हे, की एखाद्या खडकाच्या पलीकडे जात नाहीत अशा जाती तिथे दाटीनं आहेत. लाल पुस्तकाला नेमकं असंच काही हवं असतं.

यवतमाळकडे तसं दाखवायला काय आहे? सागाचं कोरडं पानगळी जंगल. त्यातली झाडं खानदेशापासून तेलंगणापर्यंत पसरलेली. धावडा, सालई, रोहन, बेहडा, चारोळी, कडई: यांतलं एकही फक्त इथलं नाही. निकष ‘दुसरीकडे नाही’ असा असेल तर यवतमाळचं पान कोरं राहतं, आणि बराच काळ ते तसंच राहिलं. कोरं पान पाहून इथे सगळं कुशल आहे असा निष्कर्ष काढणारेही निघाले. मला तो आळस वाटतो.

निकषांना आकडे मिळाले ते नंतर. जुन्या लाल पुस्तकांत ‘संकटग्रस्त’, ‘असुरक्षित’, ‘दुर्मिळ’ हे शिक्के जाणकाराच्या अंदाजावर बसत. जॉर्जिना मेस आणि रसेल लँड यांनी १९९१ मध्ये म्हटलं की शिक्क्यामागे मोजमाप हवं. निसर्ग संवर्धन संघानं १९९४ मध्ये ते मान्य केलं आणि २००१ मध्ये सुधारून पक्कं केलं. दहा वर्षं किंवा तीन पिढ्या, यांत जो काळ जास्त असेल त्यात जातीची संख्या ८० टक्के घटली तर ती अतिसंकटग्रस्त, ५० टक्के घटली तर संकटग्रस्त, ३० टक्के घटली तर असुरक्षित. वाढलेली झाडं पन्नासहून कमी उरली तरी अतिसंकटग्रस्त. पसाऱ्याचाही हिशेब आहे: वीस हजार चौरस किलोमीटरच्या आतला पसारा असुरक्षिततेच्या कक्षेत येऊ शकतो, जोडीला तुकडे पडणं आणि सततची घट असेल तर. यवतमाळ जिल्हा सगळा मिळून साडेतेरा हजारांच्या घरात.

यातला ‘तीन पिढ्या’ हा शब्द झाडांच्या बाबतीत कळीचा. वर्षायू गवताची पिढी वर्षाची. बिजाची पिढी माणसाच्या पिढीहून मोठी. तीन पिढ्या मागे गेलं की आपण विटच्या यादीच्याही पलीकडे, कापसाच्या तेजीत पोचतो, आणि तिथे मोजणी नाही. असेल तर ती ठेकेदाराच्या वखारीतल्या लाकडांची.

शिवाय किती धोक्यात आणि आधी कोणाला वाचवायचं, हे दोन निराळे प्रश्न आहेत. बोलताना त्यांची नेहमी गल्लत होते. पहिल्याचं उत्तर संघाची लाल यादी देते. दुसऱ्यासाठी आणखी बऱ्याच गोष्टी विचाराव्या लागतात: बी रुजतं का, लावून येतं का, कोणाची चूल त्यावर चालते, ओरबाडणं कुठे थांबवता येईल. बंगळुरूच्या एफआरएलएचटी या संस्थेनं औषधी वनस्पतींसाठी जी मूल्यांकन शिबिरं भरवली आणि जी पुढे महाराष्ट्रातही झाली, त्यांत हे प्रश्न एका टेबलावर आले. शास्त्रज्ञ, वनाधिकारी, वैद्य आणि बाजाराची माहिती असणारे एकेका जातीवर बसून बोलत. या मापानं पाहिलं की यवतमाळचं कोरं पान भराभर भरू लागतं. कळलावी, मुसळी, मैदालकडी, टेटू, बिजा. ही झाडं एकाच खडकावर उगवणारी नाहीत. ती सगळीकडे उगवतात आणि सगळीकडून खणली जातात.

मुसळीची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो. सफेद मुसळी विदर्भाच्या जंगलांतले आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात. तिला शास्त्रीय नाव मिळालं ते पन्नाशीच्या दशकात, फादर सांतापाव आणि फर्नांडिस यांच्याकडून, आणि नावात गाव आलं बोरिवली! ‘क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम’. मुंबईच्या लोकलच्या स्टेशनाचं नाव घेऊन ती जगात गेली. मुळांना शक्तिवर्धक म्हणून भाव आला. मुळी काढायची म्हणजे झाड उपटायचं. पाऊस सरून पानं वाळली की कंद पोसतो आणि बीही गळून जातं. तोवर थांबलं तर पुढच्या वर्षाची सोय होते. पण जो थांबला त्याच्या आधी दुसऱ्यानं खणलं, अशी स्पर्धा लागल्यावर थांबणार कोण? पुढे नव्वदीच्या अखेरीस मुसळीच्या शेतीचं वारं सुटलं. एकरी लाखोंच्या उत्पन्नाची पत्रकं वाटली गेली, बेणं महागात विकलं गेलं, आणि माल निघाला तेव्हा घेणारे गायब. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबानं कपाशीचं वावर मोडून मुसळी लावली होती. त्या बेण्याच्या पिशव्या पुढे कित्येक वर्षं घरात बी-बियाणं ठेवायला वापरात होत्या. जंगलातल्या मुसळीला या शेतीनं उसंत मिळाली का? बेणं महाग असलं की ते आणण्याचा फुकटचा रस्ता जंगलातूनच जातो.

आता सागवानाकडे येतो. ज्याच्यासाठी जंगलं राखीव झाली, ज्याच्या रांगाच्या रांगा वनविभागानं आणि वनविकास महामंडळानं लावल्या, ते सागवान २०२२ मध्ये जागतिक लाल यादीत ‘संकटग्रस्त’ म्हणून आलं. यवतमाळात हे सांगितलं तर लोक हसतील. पांढरकवड्यापासून टिपेश्वरपर्यंत नजर टाकाल तिथे सागवानच. पण ही यादी माणसानं लावलेली झाडं धरत नाही. भारत, म्यानमार, लाओस आणि थायलंडमधलं आपसूक वाढलेलं सागवान तेवढं तिनं मोजलं. बिजा त्याच यादीत दोन पायऱ्या खाली, ‘संकटाच्या उंबरठ्यावर’. शिसव असुरक्षित, २०१७ पासून तिच्या साऱ्या वंशाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचा अंकुश आहे. १८८६ च्या क्रमवारीतले वरचे मानकरी तेवढेच वर आलेले दिसतात, यात मला नवल वाटत नाही. पहिल्या पंगतीला बसवलं की पान आधी वाढलं जातं आणि आधी उष्टंही होतं.

जंगलात मात्र आपल्या डोळ्यांचा क्रम वेगळा लागतो. सागवान दिसत राहतं म्हणून चिंता नाही. बिजा दिसला तर आपण थांबतो. त्याच्या लाकडाचे पेले मधुमेहावर म्हणून बाजारात मिळतात. रात्री पाणी भरून ठेवलं की सकाळी ते तांबूस-तपकिरी होतं. पेल्याला जाड खोड लागतं. पन्नाशीच्या पुढच्या माणसांना विचारा, ते हातानं दाखवतात: केवढं खोड होतं, आणि आता केवढं आहे.

जैवविविधता कायदा २००२ चा. त्याच्या ३८ व्या कलमानं केंद्र सरकार राज्याशी सल्लामसलत करून नाहीशा होण्याच्या मार्गावरच्या जाती जाहीर करू शकतं. त्याच कायद्याखाली गावोगाव समित्या आणि लोक जैवविविधता नोंदवह्या आल्या. राज्याचं जैवविविधता मंडळ २०१२ मध्ये नागपुरात सुरू झालं. वऱ्हाडाचं दप्तर पुन्हा नागपूरकडे, यावेळी झाडांसाठी. नोंदवहीच्या कामासाठी गावात बसलं की बायकांकडून जी माहिती निघते ती टक्केवारीत येत नाही. डिंक, मोह, चारोळी, कंद गोळा करणाऱ्या बाईला ‘किती घटलं’ असं विचारलं तर ती खांदे उडवते. ‘कुठे मिळतं’ विचारा. मग सांगते: सासू घराच्या मागच्या टेकडीवरून आणायची, मी नाल्यापलीकडे जाते, आता सून म्हणते की दुसऱ्या गावाच्या शिवेत जावं लागतं, आणि तिकडचे भांडतात.

तीन पिढ्यांचा हिशेब, लाल यादीचे निकष मागतात तसाच. नोंदवहीत त्यासाठी रकाना नव्हता. लिहिणाऱ्या मुलानं ‘शेरा’ या शीर्षकाखाली बारीक अक्षरात लिहिलं: नाल्यापलीकडे.